कपाटातला चातुर्मास

आमच्याकडे कांदेनवमीला दोन कामं होतात. दुपारी भजी तळली जातात आणि संध्याकाळी पुस्तकांचं कपाट जमिनीवर येतं. आषाढ शुद्ध नवमीला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा, कारण एकादशीपासून चार महिने तो वर्ज्य, ही जुनी चाल. आम्ही कांदा सोडत नाही. मी सोडते ती पुस्तकखरेदी. शयनी एकादशीपासून प्रबोधिनी एकादशीपर्यंत नवं पुस्तक विकत घ्यायचं नाही, आणि घरात येऊन पडलेल्या, पण न वाचलेल्या पुस्तकांतली दहा-बारा हातावेगळी करायची, असा हा नेम. घरात याला ‘आईचा चातुर्मास’ म्हणतात. म्हणण्यात थोडी चेष्टा आहेच.

मूळ कल्पना माझी नाही. इंग्रजीत पुस्तकांवर लिहिणारी हौशी मंडळी गेली बरीच वर्षं १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात घरातली वीस पुस्तकं संपवायचा पण करतात. वीस झेपत नसतील तर पंधरा, नाहीतर दहा. यादी मध्येच बदलली तरी कोणी हटकत नाही. ही मोकळीक मला आवडली, पण वेळापत्रक जमेना. त्यांचा तो उन्हाळा. हिरवळीवर चटई टाकून वाचत पडायचे दिवस. रत्नागिरीत जून उजाडला की पागोळ्या लागतात, कपडे वाळत नाहीत, शाळा सुरू होते आणि सकाळ डब्यांत जाते. आमचा उन्हाळा म्हणजे मे. त्या महिन्यात आंब्याच्या पेट्या, मुंबईकर पाहुणे, लग्नं, गच्चीवर वाळत घातलेली साठं आणि फणसपोळ्या, आणि शेवटी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धावपळ. मे महिन्यात कोकणात पुस्तक हातात घेऊन बसलेली बाई दिसली तर ती पाहुणी आहे असं खुशाल समजावं.

वाचायला खरी सवड आषाढ लागल्यावरची. आठ-आठ दिवस झड लागते, बाहेरची निम्मी कामं आपोआप पुढे ढकलली जातात, दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो. आणि चार महिने एखादी गोष्ट धरून ठेवायची, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, हे श्रावणातल्या कहाण्यांमधून इतक्यांदा कानावरून गेलेलं असतं की नेम म्हटल्यावर अंग आपोआप सावरून बसतं. ‘चॅलेंज’ म्हटलं की मला उगाच कोणाशी तरी शर्यत लावल्यासारखं वाटतं. नेमाचं तसं नसतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी न वाचता परत केलं, असं फारसं घडलेलं नाही. आमच्या गावचं नगर वाचनालय १८२८ सालचं. तिथल्या पुस्तकाला शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर तारखांचे शिक्के. उशीर झाला तर काउंटरवरच्या बाई बोलत काही नाहीत, नुसती तारीख बघतात आणि मग आपल्याकडे बघतात. तेवढं पुरतं. दिवस भरत आले की मी रात्री जागून उरलेली पानं संपवते. याउलट, पदरचे पैसे मोजून आणलेलं पुस्तक वर्षानुवर्षं तसंच. त्याला शिक्का नाही, त्याची वाट बघणारा दुसरा सभासद नाही. ते आपलंच आहे, जातंय कुठे! पुस्तक वाचून व्हायला ते कोणीतरी परत मागायला लागतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. चातुर्मास मी धरला तो त्या शिक्क्यासाठी. पंचांगातल्या दोन एकादश्या म्हणजे माझी देण्याची आणि घेण्याची तारीख. २०२५ साली ६ जुलै आणि २ नोव्हेंबर.

न वाचलेली पुस्तकं येतात कुठून, हेही एकदा नीट बघण्यासारखं आहे. हावरेपणाने येतात, असं घरच्यांचं म्हणणं. माझ्या मते त्यात भीतीचा वाटा मोठा. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजार प्रतींची निघे, आता पाचशेची, कधी त्याहूनही कमी. आज समोर दिसलेलं पुस्तक दोन वर्षांनी मागायला जावं तर ‘आउट ऑफ प्रिंट’. पुढची आवृत्ती निघेल की नाही, हे प्रकाशकालाही ठाऊक नसतं. त्यामुळे ज्याला पुस्तकांची चव आहे तो माणूस दिसेल ते घेऊन ठेवतो, दुष्काळ बघितलेली माणसं धान्य साठवतात तसं. त्यात प्रकाशनपूर्व सवलत हा एक खास आपल्याकडचा प्रकार. तीन खंडांचा संच, छापील किमतीच्या बऱ्याच खाली, अमुक तारखेच्या आत नोंदवा. नोंदवताना आपण पुस्तक घेत नसतो, पैसे वाचवत असतो. संच सहा महिन्यांनी घरी येतो तेव्हा तो कशासाठी मागवला होता, याचाही विसर पडलेला असतो. शिवाय सभागृहांत भरणारी ‘प्रदर्शन व विक्री’ आहेतच. पावसात आडोशाला म्हणून आत शिरलेला माणूस दोन पिशव्या घेऊन बाहेर पडतो. आणि काही पुस्तकं नुसती येतात: ओळखीच्या कवीने सही करून दिलेली, मुलांना बक्षिसात मिळालेली, निवृत्तीच्या समारंभात शालीबरोबर आलेली. सही असलेलं पुस्तक हा कपाटातला सगळ्यांत अवघड रहिवासी. वाचवत नाही आणि काढवतही नाही.

वाचनाची वाटणी कशी करावी, हे मला आजोबांच्या पोथीने शिकवलं. ते मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी, गुरुचरित्राचा सप्ताह करत. कुठल्या दिवशी कुठवर वाचायचं ते ठरलेलं. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, चौथ्या दिवशी पस्तिसाव्यापर्यंत. आणि पाचव्या दिवशी फक्त तीन, छत्तीस ते अडतीस. पुढे सहाव्या दिवशी त्रेचाळिसाव्यापर्यंत आणि सातव्या दिवशी उरलेले. लहानपणी मला वाटायचं, पाचवा दिवस म्हणजे आजोबांची अर्धी सुट्टी. पण पाचव्या दिवशीही ते उठायचे नेहमीच्याच वेळेला. छत्तिसावा अध्याय भलामोठा आहे, हे मला पोथी स्वतः उघडून बघितल्यावर कळलं. ज्याने कोणी ही वाटणी केली, त्याने अध्याय मोजले नव्हते. पाटावर बसलेल्या माणसाची पाठ किती वेळ ताठ राहील, हे मोजलं होतं. ज्ञानेश्वरीचंही तसंच आहे. बारावा अध्याय २४७ ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या वरचा. रोज एक अध्याय असं ठरवून बसणारा माणूस अठराव्या दिवशी उठायचाच नाही.

आजी त्या सप्ताहात वाचायला बसत नसे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक होता आणि तो तिने निमूट पाळला. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण ऐकून ऐकून तिचं एवढं पाठ झालं होतं की आजोबांची ओवी घसरली तर स्वयंपाकघरातून पुढचा शब्द यायचा. ‘वाचलेलं’ पुस्तक कोणाचं म्हणायचं, असा प्रश्न मला पुढे पडायचा तो यावरूनच.

तर यादी करताना मी पुस्तकं मोजत नाही, पानं मोजते. ज्या आव्हानांत नुसता आकडा मोजतात तिथे हमखास एक गंमत होते. माणसं बारीक पुस्तकं निवडतात. सहाशे पानांचं चरित्र एक आणि नव्वद पानांचा कवितासंग्रहही एकच, मग चरित्राला हात कोण लावेल? आमच्या गोटातल्या एका मैत्रिणीने पहिल्या पंधरवड्यात कवितासंग्रहांचा असा सपाटा लावला की आम्ही सगळे गारद झालो. वास्तविक कवितासंग्रह नव्वद पानांचा असला तरी तो चार महिने पुरायला हवा, पण ते असो. तेव्हापासून नियम केला: एक जाडजूड, मग दोन मध्यम, मग एक बारीक, आणि पुन्हा तेच. जाडजूड पुस्तक श्रावणात संपलंच पाहिजे. भाद्रपदात गणपती आले की घर हातात राहत नाही, आणि गौरी-गणपतीत कोकणातल्या माणसाने वाचनाचा संकल्प करणं म्हणजे स्वतःचीच थट्टा करून घेणं.

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. २९ जूनला एकादशी, सुटका थेट २३ नोव्हेंबरला. अधिकात जावयाला अनारशांचं वाण देतात. मी यादीला एका जाड ग्रंथाचं वाण दिलं. बंदरांच्या इतिहासावरचा ग्रंथ होता, तळटीपांनी भरलेला. एरवी त्याला हात लागला नसता. त्या वाढीव महिन्याने तो वाचून घेतला, आणि मला वाटतं त्या वर्षीचं सगळ्यांत चांगलं वाचन तेच झालं.

कपाट जमिनीवर येतं म्हटलं, त्यात काय काय निघतं ते सांगते. आमच्याकडच्या हवेत पुस्तक न उघडता दोन पावसाळे राहिलं की पुठ्ठ्यावर पांढरट बुरशीचे ठिपके धरतात आणि पानं कडेने लाटांसारखी वर-खाली होतात. पुस्तक हातात घेऊन आपटलं की बांधणीच्या खाचेतून कसर निघते. चंदेरी, चपटी, पायाखाली यायच्या आत फरशीच्या फटीत पसार. तिला खळ आवडते, म्हणून ती कण्याजवळ कुरतडते. वेखंडाचे तुकडे, कापूर, वाळवलेला कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, सगळं ठेवून झालं. उपयोग होतो, पण ज्या पुस्तकाला वरचेवर हात लागतो त्याला यातलं काहीच लागत नाही. आमच्याकडची सगळ्यांत फाटकी पुस्तकं सगळ्यांत निरोगी आहेत.

मागे एकदा असंच झटकताना एका जाड कादंबरीतून एसटीचं जुनं तिकीट पडलं. पंच मारून भोकं पाडायचे त्या काळातलं, पातळ, कागदाचा रंग उडालेला. ते एकतिसाव्या पानाला होतं. म्हणजे पुस्तक मी सुरू केलं होतं. एवढंच नव्हे, अठ्ठाविसाव्या पानावर एका वाक्याखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती आणि समासात उद्गारचिन्ह. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात उद्गारचिन्ह मारण्यासारखं काय होतं ते काही उमगेना. नायिकेचा भाऊ गावाहून परत येतो, एवढंच. प्रवासात कुठेतरी, कुठल्यातरी स्टँडवर, ते मला फार महत्त्वाचं वाटलं असणार. मी कादंबरी पहिल्यापासून घेतली. एकतिसाव्या पानानंतर ती खरोखर रंगते. तिकीट दहा पानं पुढे असतं तर मी ती तेव्हाच संपवली असती.

सगळीच पुस्तकं अशी फळत नाहीत. पन्नास पानं वाचून जे पुस्तक ओढून घेत नाही, ते खाली ठेवायची मुभा मी स्वतःला दिली आहे. चिपळूणच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना हे मान्य नाही. “घेतला वसा टाकू नये,” त्या फोनवर ऐकवतात. मी म्हणते, “वहिनी, वसा वाचनाचा आहे, त्या पुस्तकाचा नाही.” त्यांचं म्हणणं, उपवासाला साबुदाण्याची खिचडी आवडली नाही म्हणून कोणी पोळी खातं का? यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. त्या मात्र एक कंटाळवाणं आत्मचरित्र पूर्ण वाचतात, शेवटच्या पानावर तारीख घालतात, आणि मग ते किती कंटाळवाणं होतं याचं इतकं रसाळ वर्णन करतात की आम्हाला ते वाचावंसं वाटायला लागतं.

आम्ही पाच-सहा जण आहोत. जाऊबाई, ती कवितासंग्रहांची मैत्रीण, टोरांटोला असलेली मावसबहीण, जिच्याकडे चातुर्मासाचे पहिले दोन महिने खरोखरचा उन्हाळा असतो, आणि शेजारचे काका. काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचा समज असा की आम्ही काहीतरी धार्मिक करतो आहोत, म्हणून ते सामील झाले. खुलासा झाल्यावरही ते राहिले. दर एकादशीला प्रत्येकाने आपला हिशेब सांगायचा, म्हणजे पंधरवड्याने एकदा. वाचनालयाची मुदतही साधारण तेवढीच असते. साबुदाणा भिजला की काकांची हाक येते, “वहिनी, तुमचं कितवं चाललंय?” कितवं हे ते मुद्दाम मोठ्याने विचारतात, कारण आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असतात.

या सगळ्या व्यवस्थेत एक भलंथोरलं भोक आहे, त्याचं नाव दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा माझ्या नेमाचा विचार केला नव्हता. लक्ष्मीपूजनानंतर प्रबोधिनी एकादशीला अजून दहा-अकरा दिवस असतात. म्हणजे खरेदीबंदी चालू असतानाच अंक बाजारात येतात, आणि तेव्हाच ते घ्यायचे असतात. नोव्हेंबर सरता सरता घेतलेला दिवाळी अंक म्हणजे संक्रांतीला लावलेला आकाशकंदील. मी सरळ पळवाट काढली आहे. अंक हे पुस्तक नव्हे, सबब ते घेता येतात. मैत्रीण म्हणाली, “अंक पुस्तक नव्हे, तर मग यादीतही धरता येणार नाहीत.” तेव्हा माझा चेहरा पडला, कारण गेल्या खेपेचे न वाचलेले अंक मी यादीत भरायच्या बेतात होते. अंकांचा दोष एकच. सगळे एकदम येतात, आणि तुळशीचं लग्न झालं की ते शिळे झाले असं आपल्याला उगाच वाटतं. दोन वर्षांपूर्वीच्या अंकातला प्रवासलेख आज वाचला तर काही बिघडत नाही. ज्योतिष मात्र आधी फाडून टाकावं, नाहीतर आपलं होऊन गेलेलं भविष्य वाचण्यात अर्धा तास जातो.

प्रबोधिनीला उद्यापन. व्रताचं उद्यापन दान केल्याशिवाय पुरं होत नाही, हा भाग इंग्रजीवाल्यांच्या आव्हानात मला कुठे दिसला नाही. आणि थप्पी खरी कमी होते ती इथेच. वाचलेल्यांतली जी पुन्हा वाचावीशी वाटतील ती वरच्या फळीवर. बाकीची ज्याला हवी त्याला. आणि जी पुस्तकं लागोपाठ दोन चातुर्मास यादीत येऊनही उघडली गेली नाहीत, ती घराबाहेर. मग ती कितीही थोर असोत, कितीही सवलतीत घेतलेली असोत. वाचनालयं अशी पुस्तकं घेतात, पण विचारून द्यावीत. जुनी पाठ्यपुस्तकं आणि वाळवी लागलेले संच नेऊन टाकणाऱ्या दानशूरांना ती मंडळी वैतागलेली असतात. कुठलं पुस्तक आपल्याकडून वाचलं जाणार नाही, हे कळायला चार महिने यादीत ठेवून त्याच्याकडे बघत राहावं लागतं. कपाटात ते नुसतं उभं असतं तेव्हा तसं काही कळत नाही.

गेल्या खेपेला या नियमात एक तीन खंडी चरित्र सापडलं. एका समाजसुधारकाचं, प्रकाशनपूर्व सवलतीतलं, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. दोन वर्षं यादीच्या डोक्यावर बसून होतं. मी ते काकांना दिलं, तीनही खंड. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टिक काढलं. पुढच्या एकादशीला चातुर्मास नव्हता, तरी ते कुंपणाशी आले.

“वहिनी, या माणसाने सख्ख्या भावाला कोर्टात खेचलंन! तुम्ही वाचलंयत ना?”

मी जरा घोळात बोलले.

“पहिल्या खंडात सगळं सौम्य आहे हो. दुसऱ्यात बघा. बायकोची पत्रं दिल्येत. ती जास्त हुशार होती, माझं ठाम मत आहे. तुमचं काय म्हणणं?”

त्यानंतर ते रोज यायला लागले. आज भाऊ हरला, आज बायकोने उत्तर दिलं नाही, आज त्यांनी नोकरी सोडली. पत्रातल्या ओळी ते तोंडपाठ म्हणून दाखवायचे आणि माझं मत विचारायचे. मत द्यायला काहीतरी हाताशी हवं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी कुंपणापाशी उभ्या उभ्याच त्यांना म्हटलं, “काका, तुमचा पहिला खंड झालाय ना? तेवढा परत द्या बघू.”

काकांनी खंड आणून दिला आणि कधीपर्यंत देणार ते विचारून घेतलं.